रोटर ब्लेडचं फ्लटर : एरोडायनॅमिक मॉडेल किती खोलात जाऊन घ्यावं?

गिरकी

नमस्कार मंडळी,

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी हेलिकॉप्टरच्या मुख्य रोटरचं पिच-फ्लॅप फ्लटर (ब्लेडचं वळणं आणि वर-खाली होणं एकमेकांत गुंतून कंपनं वाढत जाणं) तपासणारा कोड लिहितेय आणि एका जागी अडकलेय. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

रोटरचे आकडे चेतक हेलिकॉप्टरच्या मापाचे घेतलेत. तीन ब्लेड, आर्टिक्युलेटेड (मुळाशी हिंजवर बसवलेली), त्रिज्या ५.५ मीटर, कॉर्ड (ब्लेडची रुंदी) ३५ सेंमी, ३५३ आरपीएम म्हणजे सेकंदाला ३७ रेडियन. ब्लेड कडक धरलंय; फ्लॅप हिंजवर वर-खाली होणं आणि पिच बेअरिंगवर वळणं, एवढ्या दोनच हालचाली. ब्लेडची आणि कंट्रोल सिस्टिमची लवचिकता एकत्र करून एकच टॉर्शन स्प्रिंग ठेवलीय, तिची फ्रीक्वेन्सी ५ पर रेव्ह (रोटरच्या एका फेरीत पाच आवर्तनं). पिच इनर्शिया ०.३ किलो-मीटर वर्ग. पिच अक्ष क्वार्टर कॉर्डवर (पुढच्या कडेपासून पाव कॉर्ड मागे). सध्या फक्त हॉवर (एका जागी तरंगणं).

एरोडायनॅमिक्स अगदी साधं आहे. ब्लेडचे वीस तुकडे, प्रत्येक तुकड्यावर पिचमधून इनफ्लोचा (रोटरमधून खाली जाणाऱ्या हवेचा) कोन वजा केला (फ्लॅपचा वेग त्यात धरलाय), मिळालेला अँगल ऑफ अटॅक तक्त्यात टाकला आणि लिफ्ट काढली. एअरफॉइल सिमेट्रिक असल्यामुळे क्वार्टर कॉर्डभोवतीचा मोमेंट शून्य घेतला.

आता अडचण. सीजी (गुरुत्वमध्य) क्वार्टर कॉर्डवर ठेवला की टॉर्शन मोडचं डॅम्पिंग (कंपन शमवणारा विरोध) बरोब्बर शून्य येतं. सीजी अर्धा टक्का जरी मागे सरकवला तरी ऋण. आरपीएम कमी करा, वाढवा, काही फरक नाही. म्हणजे माझ्या कोडप्रमाणे जगातल्या बहुतेक ब्लेडना जमिनीवरच फ्लटर व्हायला हवं!

गाईड म्हणतात फ्री वेक (ब्लेडमागे सुटणाऱ्या भोवऱ्यांचा माग, म्हणजे वेक, मोकळा सरकू देणारं मॉडेल) लाव. लॅबमधला सीनियर म्हणतो की क्वासी-स्टेडीचा (हवा ब्लेडच्या हालचालीला तत्काळ प्रतिसाद देते असं धरण्याचा) जमाना गेला, सरळ सीएफडीशी (हवेच्या प्रवाहाच्या संगणकीय गणिताशी) कपलिंग कर. हातात चार महिने आहेत. थिओडोरसन, लोवी, पिट-पीटर्स ही नावं वाचलीत, पण यातलं कोणतं कधी वापरायचं याचा उलगडा होत नाही. कुठून सुरुवात करू?

जुनाहँगर

फ्री वेकला आत्ता हात लावू नका, सीएफडीला तर नाहीच. तुमच्या प्रश्नातच उत्तर दडलंय : "बरोब्बर शून्य". निसर्गात डॅम्पिंग बरोब्बर शून्य क्वचितच असतं. कोडमध्ये ते आलं की समीकरणातून एखादी टर्म गळलीय असं समजावं. तुमची पिच रेटची टर्म गळलीय.

ब्लेड पिचमध्ये हलत असतं तेव्हा कॉर्डवरच्या प्रत्येक बिंदूला हवा वेगवेगळ्या उभ्या वेगाने भेटते. पुढची कड खाली जात असेल तर मागची वर येत असते. तुम्ही एकच कोन काढून तक्त्यात टाकता, त्यामुळे ही सगळी हालचाल पुसली जाते. थिओडोरसनने १९३५ च्या नॅका (नासाच्या आधीची अमेरिकी संस्था) रिपोर्टमध्ये (क्रमांक ४९६) हे व्यवस्थित मांडलंय. त्यातून दोन गोष्टी घ्या. पहिली, लिफ्टसाठी लागणारा कोन थ्री-क्वार्टर कॉर्डवरच्या हवेच्या वेगावरून काढायचा. दुसरी, आणि तुमच्यासाठी जास्त मोलाची : क्वार्टर कॉर्डभोवती पिच रेटला विरोध करणारा एक मोमेंट असतो. ब्लेडच्या दर मीटरला त्याचं माप म्हणजे पाय गुणिले हवेची घनता गुणिले वेग गुणिले अर्ध्या कॉर्डचा घन, आणि हे सगळं गुणिले पिच रेट.

तुमचेच आकडे घालून पाहतो. अर्धी कॉर्ड ०.१७५ मीटर, घनता १.२२५. मुळापासून टोकापर्यंत बेरीज केली की साधारण ११.५ न्यूटन-मीटर-सेकंद येतात. पिच इनर्शिया ०.३ आणि फ्रीक्वेन्सी ५ पर रेव्ह, म्हणजे सेकंदाला १८५ रेडियन, धरली तर हे क्रिटिकल डॅम्पिंगच्या दहा टक्क्यांच्या थोडं वर जातं. दहा टक्के! एवढं डॅम्पिंग बाहेर ठेवून फ्लटरची सीमा शोधायला गेलात तर काहीही निघेल. आणि ही टर्म नॉन-सर्क्युलेटरी आहे, म्हणजे वेकशी तिचा संबंध नाही. जगातला सगळ्यात भारी फ्री वेक आणून लावलात आणि ही ओळ लिहिली नाहीत, तर उत्तर पुन्हा तेच येणार. म्हणून सांगतोय, आधी ही एक ओळ लिहा.

हवेची व्हर्च्युअल इनर्शियाही त्याच मांडणीत आहे. तुमच्या ब्लेडसाठी ती पिच इनर्शियाच्या अडीच टक्के भरते. लिहा, पण तिच्यापायी वेळ घालवू नका.

आता थिओडोरसनचं फंक्शन, म्हणजे वेकमुळे लिफ्ट किती घटते ते सांगणारा गुणक. ते रिड्यूस्ड फ्रीक्वेन्सीवर चालतं, आणि रोटरमध्ये ती काढणं सोपं असतं : मोडची पर रेव्ह फ्रीक्वेन्सी गुणिले अर्धी कॉर्ड, भागिले त्या जागेची त्रिज्या. आरपीएम त्यातून निघूनच जातो. ७५ टक्के त्रिज्येवर तुमच्या टॉर्शन मोडसाठी ती ०.२१ येते, फ्लॅपसाठी ०.०४. फ्लॅपला हे फंक्शन ०.९३ च्या आसपास, म्हणजे क्वासी-स्टेडी चालून जाईल. टॉर्शनच्या फ्रीक्वेन्सीला वास्तव भाग ०.७२ वर येतो आणि फेजही मागे पडते. लिफ्टचा चौथा हिस्सा गेला. हे सोडून देण्यासारखं नाही. मुळाकडे, ३० टक्के त्रिज्येवर, रिड्यूस्ड फ्रीक्वेन्सी ०.५ च्या वर जाते, पण तिथे हवेचा वेगच इतका कमी असतो की बेरजेत फारसं काही उरत नाही.

पण एक ध्यानात घ्या. थिओडोरसन हा विमानाच्या पंखाचा सिद्धांत. पंख आपला वेक मागे टाकून निघून जातो. रोटरचं ब्लेड आपल्याच, आणि आपल्या भावंडांच्या, वेकवरून पुन्हा पुन्हा जातं. लोवीने १९५७ मध्ये हेच पकडलं : ब्लेडच्या खाली वेकचे थर एकाखाली एक रचलेले आहेत असं धरायचं, आणि थरांमधलं अंतर इनफ्लोवरून काढायचं.

तुमचा रोटर २२०० किलो उचलतोय असं धरू. इनफ्लो सेकंदाला ९.६ मीटर. पुढचं ब्लेड येईपर्यंत वेक ५४ सेंटिमीटर खाली सरकलेला असतो, म्हणजे अर्ध्या कॉर्डच्या मापात साधारण ३.१. आता कलेक्टिव्ह (सगळ्या ब्लेडना एकदम दिलेला पिच) खाली करून जमिनीवर रोटर फिरवताय, इनफ्लो जेमतेम २ मीटर. तेच अंतर ११ सेंटिमीटर उरतं. आधीच्या ब्लेडने सोडलेले भोवरे अक्षरशः तुमच्या ब्लेडला लागून आहेत. मोडची फ्रीक्वेन्सी पर रेव्हच्या पूर्णांकावर असली की हे थर एकाच फेजमध्ये येतात आणि लिफ्टमधला चढउतार मारून टाकतात. वर थिओडोरसनने जे ०.७२ दिलं होतं, ते पूर्ण वजनावर ०.४९ होतं आणि कमी कलेक्टिव्हवर ०.१८. तोच रोटर, तोच मोड, तोच आरपीएम.

म्हणून व्हर्ल टॉवरवर (रोटर जमिनीवरच फिरवून तपासायच्या मनोऱ्यावर) फ्लटर तपासताना फक्त जास्त थ्रस्टवर तपासून भागत नाही. कमी पिचवर, नॉमिनलच्या वर आरपीएम नेऊनही पाहावं लागतं. कमी पिच म्हणजे कमी लोड म्हणून ती अवस्था सुरक्षित, असं नव्या मुलांना वाटतं, आणि नेमकं तिथेच हवेकडून मिळणारं फ्लॅपचं डॅम्पिंग सगळ्यात कमी असतं.

सह्यवारा

जुनाहँगर यांच्या प्रतिसादात एक भर. पूर्णांक फ्रीक्वेन्सीवर थर एका फेजमध्ये येतात हे खरं, पण तीन ब्लेड असताना ब्लेडांची आपसातली फेजही धरावी लागते. तिन्ही ब्लेड एकदम एकसारखी हलत असतील (कलेक्टिव्ह मोड), तर एकाच जागेवरून एकापाठोपाठ जाणाऱ्या ब्लेडांचे वेक ३, ६, ९ पर रेव्हलाच जुळतात. ५ पर रेव्हला जुळायचे तर मोड सायक्लिक हवा, ब्लेडाब्लेडांत १२० अंशांचा फरक असलेला.

त्यामुळे लोवीचं फंक्शन लिहिताना वेकच्या टर्ममध्ये ही फेज घालायला विसरू नका. एका ब्लेडचं सूत्र घेऊन थरांमधलं अंतर नुसतं तीनने भागलं तर कलेक्टिव्ह आणि सायक्लिक एकमेकांत मिसळतात.

आणि याला लागूनच : कंट्रोल सिस्टिमचा कडकपणाही या दोन मोडना एकसारखा नसतो. कलेक्टिव्हमध्ये सगळ्या पिच लिंक (ब्लेडचा पिच बदलणारे दांडे) एकाच दिशेने ढकलतात, स्वॉशप्लेट (त्यांना हलवणारी तबकडी) सरळ वर-खाली होते. सायक्लिकमध्ये ती कलते. भार वेगळ्या वाटेने जातो, स्प्रिंग वेगळी, टॉर्शन फ्रीक्वेन्सी वेगळी. तुमची ती "५ पर रेव्ह" यातली नेमकी कोणती?

गिरकी

हँगरकाका, सह्यवारा, दोघांचेही मनापासून आभार. काल रात्रीच पिच रेटची टर्म घातली. सीजी क्वार्टर कॉर्डवर असताना टॉर्शन डॅम्पिंग आता १०.४ टक्के येतंय, आणि सीजी थोडा मागे नेला तरी धनच राहतंय. किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही.

सह्यवारा, ५ पर रेव्ह हा एका जुन्या असाइनमेंटमधला आकडा आहे. दोन्ही मोडसाठी वेगळ्या स्प्रिंग घेऊन पुन्हा चालवते.

दोन शंका. लोवीने टॉर्शन डॅम्पिंग जवळजवळ बदललंच नाही. काही चुकतंय का? आणि पिट-पीटर्सचं डायनॅमिक इनफ्लो मग कशासाठी? ते लोवीला पर्याय आहे की दोन्ही एकत्र घालायचे?

जुनाहँगर

काहीच चुकत नाही, उलट कोड बरोबर असल्याची ती खूण आहे. पिच अक्ष क्वार्टर कॉर्डवर असला की सर्क्युलेटरी लिफ्ट त्या अक्षातूनच जाते, तिला मोमेंटचा हातच मिळत नाही. लोवी असो की थिओडोरसन, दोघेही फक्त त्या लिफ्टला कापतात. त्यामुळे शुद्ध टॉर्शनवर परिणाम दिसणार नाही. फ्लॅपवर आणि फ्लॅप-टॉर्शन कपलिंगवर दिसेल. अक्ष दोन-तीन टक्के हलवून बघा, लगेच फरक पडेल. शिवाय तुमचं ब्लेड कडक आहे. खऱ्या आर्टिक्युलेटेड ब्लेडचा दुसरा फ्लॅप बेंडिंग मोड २.७ पर रेव्हच्या आसपास असतो, तीनच्या जवळ. तीन ब्लेडच्या रोटरला कलेक्टिव्हमध्ये तीनवर वेक जुळतात हे सह्यवारांनी सांगितलंच आहे. पुढच्या टप्प्यात हा मोड घाला, लोवीचा खरा परिणाम तिथे कळेल.

डायनॅमिक इनफ्लोबद्दल. दोन्ही एकदम घालू नका, तोच वेक दोनदा मोजला जाईल. ते लोवीचंच कमी फ्रीक्वेन्सीचं रूप आहे असं समजून चाला. लोवीच्या सूत्रात रिड्यूस्ड फ्रीक्वेन्सी लहान करत नेली आणि थर एका फेजमध्ये ठेवले की उरतं ते एवढंच : १ ÷ (१ + पाय ÷ एच), जिथे एच म्हणजे अर्ध्या कॉर्डमध्ये मोजलेलं थरांचं अंतर. एचला ३.१ द्या, ०.५० येईल. ०.६५ द्या, ०.१७ येईल. वर पूर्ण सूत्राने दिलेल्या ०.४९ आणि ०.१८ शी ताडून पाहा. आणि मोमेंटम थिअरीवरून, सॉलिडिटी (डिस्कच्या क्षेत्रफळात ब्लेडांचा वाटा) आणि इनफ्लो रेशो (इनफ्लो भागिले ब्लेडच्या टोकाचा वेग) घेऊन जे गुणक निघतं, तेही अक्षरशः हेच. एक माणूस भोवऱ्यांच्या थरांपासून निघाला, दुसरा डिस्कमधून जाणाऱ्या हवेच्या संवेगापासून, आणि दोघे एकाच जागी पोचले. हे पहिल्यांदा कागदावर उतरवून पाहाल त्या दिवशी या विषयाचा लळा लागेल.

पिट आणि पीटर्स यांचं १९८१ चं मॉडेल तीन स्टेटमध्ये हे काम करतं : एक सरासरी इनफ्लो, एक पुढे-मागे कलणारा, एक डावी-उजवीकडे कलणारा. आयगेनव्हॅल्यूसाठी (मोडची फ्रीक्वेन्सी आणि डॅम्पिंग देणाऱ्या मूल्यांसाठी) ते फारच सोयीचं, कारण नुसती डिफरन्शियल इक्वेशन असतात. लोवीसारखं आधी फ्रीक्वेन्सी धरून बसावं लागत नाही. पण ते १ पर रेव्हच्या आसपासच्या मंद हालचालींसाठी. ५ पर रेव्हचा टॉर्शन मोड त्याच्या आवाक्यात नाही. जास्त हार्मोनिक हवे असतील तर पीटर्स-हे यांचं फायनाइट-स्टेट मॉडेल आहे. चार महिन्यांत तुम्ही लोवीपर्यंत जा, त्यानंतर वेळ उरला तर पीटर्स-हे.

आकडेमोड

चर्चा वाचून फार शिकायला मिळतंय. मी स्ट्रक्चर्समधला, त्यामुळे एक बाळबोध प्रश्न. ध्रुव हेलिकॉप्टरसारख्या हिंजलेस (ब्लेडच्या मुळाशी हिंज नसलेल्या) रोटरला हेच गणित लागू पडेल का? आणि पुढे उडताना काय बदलतं?

जुनाहँगर

ध्रुवचा रोटर चार ब्लेडचा, हिंजलेस, १३.२ मीटर व्यासाचा. १९९२ च्या ऑगस्टमध्ये बंगलोरला तो पहिल्यांदा उडाला, तेव्हा भारतात या विषयावर काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांसाठी तो मोठा दिवस होता. हिंजलेसमध्ये प्रश्नच वेगळा होतो. फ्लॅप, लॅग (फिरण्याच्या प्रतलात मागे-पुढे होणं) आणि टॉर्शन तिन्ही वाकण्यातून एकमेकांत गुंततात. लॅगला हवेचं डॅम्पिंग नगण्य, कारण तिथे फक्त ड्रॅग काम करतो. सॉफ्ट-इनप्लेन (लॅगची फ्रीक्वेन्सी १ पर रेव्हच्या खाली असलेल्या) ब्लेडचा लॅग ०.७ पर रेव्हच्या आसपास धरा. फिरत्या चौकटीतून स्थिर चौकटीत आलात की रिग्रेसिंग लॅग ०.३ ला दिसतो. एवढ्या मंद हालचालीला पिट-पीटर्स अगदी चपखल, आणि ते वगळलं तर डॅम्पिंगचे आकडे चाचणीशी जुळत नाहीत. म्हणजे पिच-फ्लॅपमध्ये ज्या मॉडेलला मी मागे ठेवलं, तेच इथे आधी हवं. कोणत्या मोडची भीती आहे ते ठरवा, त्याची फ्रीक्वेन्सी काढा, मग वेकचं मॉडेल निवडा.

पुढे उडताना गुणांक अझिमुथबरोबर (फेरीतल्या ब्लेडच्या जागेबरोबर) बदलत राहतात, म्हणून साधी आयगेनव्हॅल्यू पुरत नाही, फ्लोके (असे आवर्ती गुणांक हाताळणारी पद्धत) लावावं लागतं. मागे जाणाऱ्या बाजूला रिव्हर्स फ्लोचं वर्तुळ तयार होतं, व्यास ॲडव्हान्स रेशो (पुढे जाण्याचा वेग भागिले ब्लेडच्या टोकाचा वेग) गुणिले त्रिज्या. तिथे हवा मागच्या कडेकडून येते, एरोडायनॅमिक सेंटर थ्री-क्वार्टर कॉर्डकडे जातं आणि क्वार्टर कॉर्डवर बेतलेला सगळा तोल तेवढ्या भागात उलटतो. त्यात जास्त वजनावर किंवा वळणात रिट्रीटिंग (मागे जाणारं) ब्लेड स्टॉल झालं (हवा पृष्ठभागापासून सुटून लिफ्ट ढासळली) की स्टॉल फ्लटर. त्याला फ्लॅपची गरजच नाही, एकटा टॉर्शन मोड हवेतून ऊर्जा घेतो आणि पिच लिंकवरचे भार चढतात. इथे वर सांगितलेलं एकही लिनिअर मॉडेल चालत नाही. लीशमन-बेडोज किंवा ओनेराचं डायनॅमिक स्टॉल मॉडेल लागतं.

फ्री वेक आणि सीएफडी निरुपयोगी आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. नासाने १९९३-९४ मध्ये यूएच-६०ए ब्लॅक हॉकच्या ब्लेडवर २४२ प्रेशर ट्रान्सड्यूसर बसवून उड्डाणं केली. वेगात उडताना ॲडव्हान्सिंग ब्लेडवर दिसलेली लिफ्टची फेज आणि पिचिंग मोमेंट जुन्या लिफ्टिंग-लाइन कोडना वर्षानुवर्षं नीट जमले नाहीत. २००४ च्या सुमारास सीएफडी आणि स्ट्रक्चर कोड जोडल्यावर ते जुळायला लागले. टोकाचा ट्रान्सॉनिक (ध्वनीच्या वेगाजवळचा) मोमेंट पकडायचा असेल तर सीएफडीच हवं. पण तो लोड्सचा प्रश्न आहे. हॉवरमधल्या पिच-फ्लॅपच्या सीमेसाठी त्याची गरज नाही.

गिरकी, तुमच्यासाठी शेवटची गोष्ट, आणि ही मॉडेलपेक्षाही आधी बघा. सीजी सगळ्या ब्लेडला एकच आकडा म्हणून देऊ नका. कपलिंगमध्ये प्रत्येक तुकड्याचं वस्तुमान त्याच्या त्रिज्येने गुणून येतं, त्यामुळे टोकाकडचा सीजी मुळाकडच्यापेक्षा कितीतरी जास्त बोलतो. हिशेब करून बघा : टोकाच्या एका मीटरचं वजन सहा किलो धरा आणि त्याच्या मागच्या कडेला दुरुस्तीचं पुटिंग आणि रंग मिळून १०० ग्रॅम चढला असं समजा. तेवढ्या भागाचा सीजी चार मिलिमीटरच्या वर मागे जातो, म्हणजे कॉर्डच्या सव्वा टक्का. तो परत आणायला पुढच्या कडेत ३०० ग्रॅम घालावे लागतात, कारण पुढची कड क्वार्टर कॉर्डपासून मागच्या कडेच्या एक तृतीयांश अंतरावरच आहे. नोज वेट टोकाकडे का बसवतात आणि ब्लेडची दुरुस्ती झाल्यावर बॅलन्स पुन्हा का तपासतात, ते यावरून कळेल.

तेव्हा तुमच्या वीस तुकड्यांना वीस वेगळे सीजी द्या, आधी टोकाचे पाच हलवून पाहा, आणि सीमा कुठे सरकते ते कलेक्टिव्ह व सायक्लिक दोन्हींसाठी इथे टाका. आलेख आला की पुढचं बोलू.